देश बदलणारे फिगर स्केटर आणि चिडलेले फॅन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या स्केटरने देश बदलला की लोक एवढे का पेटतात?

वरवर सगळे देशप्रेमाच्या नावाने बोलतात पण थोडं खरवडून बघितलं की आत तीनच गोष्टी सापडतात, जागा, पैसा आणि निकाल. वर्ल्ड चॅम्पियनशिपला एका देशाला एका प्रकारात जास्तीत जास्त ३ एन्ट्री मिळतात, त्यामुळे बाहेरून कोणी आलं की घरचं कोणीतरी घरीच बसणार हे उघड आहे. जुन्या देशाला वाटतं आम्ही लहानपणापासून घडवली आणि फळं दुसऱ्याने खाल्ली. आणि निकाल चांगला आला की हे दोन्ही राग एका रात्रीत गायब होतात, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता देशप्रेमाची भाषणं सुरू झाली की आधी स्कोअर बघते.

देश बदलायचा म्हणजे नेमकं काय करावं लागतं? मनात आलं आणि गेले असं असतं का?

अजिबात नाही. जुन्या फेडरेशनने, म्हणजे त्या देशाच्या स्केटिंग संघटनेने, सोडायला हवं, त्याला सगळे 'रिलीज' म्हणतात, म्हणजे आमची हरकत नाही असं पत्र. नव्या फेडरेशनने घ्यायला हवं. वर इंटरनॅशनल स्केटिंग युनियन, म्हणजे आयएसयू, तिचा वेटिंग पीरियड असतो, जुन्या देशासाठी शेवटची आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळल्यापासून साधारण १२ महिने थांबायचं. स्केटरच्या आयुष्यातलं एक अख्खं वर्ष म्हणजे काय हे ज्यांनी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींची उंची वाढताना आणि त्यासोबत जंप हातातून निसटताना बघितल्यात त्यांना सांगायला नको. ते वर्ष स्पर्धेशिवाय, बरेचदा पगार-स्टायपेंडशिवाय काढायचं असतं.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण ब्रुनो मासोचं. फ्रेंच मुलगा, २०१४ मध्ये जर्मनीकडून खेळणाऱ्या अलिओना सावचेन्कोसोबत जोडी जमवली आणि जर्मनीसाठी खेळायचं ठरलं, पण फ्रेंच फेडरेशन सोडायलाच तयार नाही. पैशांवरून घासाघीस चालल्याच्या बातम्या येत राहिल्या आणि २०१५ चा हिवाळा तोंडावर आला तेव्हा कुठे दोघं पहिल्यांदा स्पर्धेत एकत्र उतरले. तोपर्यंत नुसता सराव. आणि तेव्हाही लोक विचारत होते की याला एवढी घाई कसली झालीये.

ऑलिंपिकसाठी नियम वेगळा आहे का?

हो, आणि निम्मी भांडणं हा फरक माहीत नसल्यामुळे होतात. आयएसयूच्या स्पर्धांमध्ये पेअर्स किंवा आइस डान्समध्ये (दोन्ही मुलगा-मुलगी जोडीचे प्रकार) दोघांपैकी एक जण त्या देशाचा नागरिक असला तरी भागतं. ऑलिंपिकला मात्र दोघांकडेही त्याच देशाचं नागरिकत्व हवं, तिथे सवलत नाही. शिवाय ऑलिंपिक चार्टरमध्ये ३ वर्षांची अट आहे, जुन्या देशासाठी शेवटचं खेळल्यापासून ३ वर्षं, संबंधित देशांच्या ऑलिंपिक समित्या आणि फेडरेशन मान्य असतील तरच ती कमी होते.

या अटीचा फटका कसा बसतो ते बघायचं असेल तर शेजारच्या शॉर्ट ट्रॅककडे, म्हणजे बर्फावरच्या शर्यतींकडे बघा. कोरियाचा लिम ह्यो-जुन, २०१८ मध्ये १५०० मीटरचं सुवर्ण कोरियासाठी जिंकलं, २०२० मध्ये चिनी नागरिक झाला आणि बीजिंग २०२२ त्याने बाहेरून बघितलं.

फिगर स्केटिंगमध्ये अलिसा एफिमोव्हा आणि मिशा मित्रोफानोव्ह यांचं घ्या. २०२५ मध्ये अमेरिकेचे नॅशनल चॅम्पियन झाले, पण तिच्याकडे अमेरिकन नागरिकत्व नव्हतं म्हणून २०२६ चं मिलानचं ऑलिंपिक त्यांच्यासाठी बंद झालं. (ती आधी रशियासाठी, मग जर्मनीसाठी खेळलीये.) म्हणजे एका बाजूला लोक ओरडतायत की पासपोर्ट खिरापतीसारखे वाटतात आणि दुसऱ्या बाजूला देशातली पहिल्या नंबरची जोडी पासपोर्ट नाही म्हणून घरी.

देश बदलणारे बहुतेक पेअर्स आणि आइस डान्समधलेच का असतात?

मुलगे कमी आहेत, बस. स्केटिंगमध्ये मुलींची गर्दी आणि मुलांचा दुष्काळ हे जवळजवळ सगळ्या देशांत सारखंच आहे, त्यात उंची जुळायला हवी, पातळी जुळायला हवी, पेअर्समध्ये तर डोक्यावर उचलून धरायचं असतं त्यामुळे ताकद हवी, आणि हे सगळं जमलेला मुलगा आपल्याच देशात, आपल्याच वयाचा आणि नेमका मोकळा असेल ही शक्यता किती? म्हणून दुसऱ्या देशात शोधायचं. स्थळ बघण्यापेक्षा अवघड काम आहे ते, कारण इथे पत्रिका जुळली तरी फेडरेशन आडवं येतं.

मरिना अनिसिनाची गोष्ट तर कमाल आहे. रशियन आइस डान्सर, इल्या अवेर्बुखसोबत दोनदा ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियन, आणि मग तो तिला सोडून इरिना लोबाचेवासोबत स्केट करायला गेला. हिने शोधाशोध करून फ्रान्सच्या ग्वेंडल पेझेराशी संपर्क केला, तिकडे गेली, फ्रेंच झाली. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये सुवर्ण कुणाला? अनिसिना-पेझेरा, फ्रान्स. रौप्य? लोबाचेवा-अवेर्बुख, रशिया. आता हिला संधिसाधू म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण तिचा पार्टनर निघून गेल्यावर तिने काय घरी बसून स्वेटर विणायचे होते?

झू यीचं नेमकं काय झालं होतं? अर्धवट ऐकलंय.

याला थोडं लांब उत्तर देते कारण या सगळ्या विषयातलं सगळ्यात वाईट प्रकरण हेच आहे असं माझं मत आहे.

झू यी, आधीचं नाव बेव्हर्ली झू, जन्म अमेरिकेत, २०१८ मध्ये अमेरिकेची नोव्हिस (ज्युनिअरच्या खालचा गट) चॅम्पियन, त्याच वर्षी चीनकडे गेली, नाव बदललं, चीनसाठी खेळायला लागली. वडील सोंगचुन झू हे एआयमधले मोठे शास्त्रज्ञ, तेही अमेरिकेतलं विद्यापीठ सोडून बीजिंगला गेले. बीजिंग २०२२ साठी चीनला महिलांमध्ये एकच जागा होती आणि ती हिला मिळाली. बऱ्याच चिनी फॅन्सचं म्हणणं होतं की ती चेन होंगयी या दुसऱ्या स्केटरला मिळायला हवी होती. राग तेव्हापासूनच साठत होता, वडिलांच्या वजनामुळे निवड झाली असल्या कुजबुजी सुरू होत्या, पुरावा कुणाकडे काही नाही.

मग टीम इव्हेंटचा, म्हणजे सगळ्या प्रकारांचे गुण एकत्र करून होणाऱ्या देशांच्या स्पर्धेचा, शॉर्ट प्रोग्रॅम, म्हणजे पहिली छोटी फेरी. वय १९, घरचं ऑलिंपिक, पहिलंच कॉम्बिनेशन, म्हणजे लागोपाठच्या जंप, आणि ती पडली, नुसती पडली नाही तर घसरत जाऊन रिंकच्या कडेच्या बोर्डवर आदळली. उठली, पुढे अजून एक जंप हुकली. स्कोअर ४७.०३, दहा जणींमध्ये शेवटची. चीनची टीम पाचव्या नंबरवर घसरली, तरीही पुढच्या फेरीत गेली हे लक्षात ठेवा, म्हणजे हिच्यामुळे टीम बाहेर वगैरे काही पडली नव्हती. पण तोपर्यंत वेइबोवर, म्हणजे चीनच्या सोशल मीडियावर, 'झू यी पडली' हा हॅशटॅग काही तासांत २० कोटींच्या वर व्ह्यूजला पोचला होता. लाज नाही का वाटत, आधी चिनी बोलायला शीक, अशा कॉमेंट्स. नंतर तो हॅशटॅग काढला गेला. टीम इव्हेंटच्याच फ्री स्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या लांब फेरीत, ती परत पडली आणि या वेळी प्रोग्रॅम संपायच्या आधीच चेहरा रडवेला झालेला, संगीत चालू आहे, हात कोरिओग्राफीप्रमाणे हलतायत आणि डोळ्यांतून पाणी. मला ते रिप्ले दाखवणाऱ्यांचा पण राग आला होता खरं तर. वैयक्तिक स्पर्धेत ती २७ वी आली आणि फ्री स्केटपर्यंत पोचलीच नाही.

बाजू घेणारेही होते हां. ग्लोबल टाइम्स या चीनच्या सरकारी वृत्तपत्राचे माजी संपादक हू शीजिन, जे काही मवाळपणासाठी प्रसिद्ध नाहीत, त्यांनीसुद्धा एका तरुण खेळाडूवर असा राग काढणं बरोबर नाही असं म्हटलं. ते जेव्हा तुम्हाला सबुरीने घ्या म्हणतात तेव्हा समजायचं की प्रकरण हाताबाहेर गेलंय.

पण त्याच ऑलिंपिकमध्ये आयलीन गूला डोक्यावर घेतलं होतं ना? तीही अमेरिकेतूनच आलेली.

तेच तर! आयलीन गू फ्रीस्टाइल स्कीइंगवाली, २०१९ मध्ये अमेरिकेकडून चीनकडे आली, बीजिंगमध्ये २ सुवर्ण आणि १ रौप्य, जाहिराती, मासिकांची कव्हरं, सगळं. आणि त्याच दिवसांत फिगर स्केटर नेथन चेन, चिनी आईवडिलांचा मुलगा, अमेरिकेसाठी सुवर्ण जिंकला तर त्याला वेइबोवर गद्दार, चीनमधून चालता हो वगैरे. त्याने कधी देश बदललाच नव्हता, तो जन्मला तिथेच खेळला.

तिघं एकाच ऑलिंपिकमध्ये, तिघांची मुळं चीनमध्ये, तिघं अमेरिकेत जन्मलेले. एक आली आणि जिंकली म्हणून आपली. एक आली आणि पडली म्हणून उपरी. एक आलाच नाही आणि जिंकला म्हणून गद्दार. यात निष्ठा कुठे आहे ते मला कोणीतरी दाखवून द्या. गूला अमेरिकेतल्या लोकांनी शिव्या घातल्या तो आणखी वेगळा हिशोब.

"आमच्या मुलीची जागा खाल्ली" हे तरी खरं आहे की नाही?

कधी कधी खरं आहे, आणि ते मान्य करायला मला काही अडचण नाही. जागा मोजक्याच आहेत. हिशोब असा की पुढच्या वर्षीच्या वर्ल्डच्या जागा या वर्षीच्या निकालावरून ठरतात, तुमच्या वरच्या दोघांच्या क्रमांकांची बेरीज १३ किंवा कमी असेल तर ३ जागा, २८ पर्यंत असेल तर २, नाहीतर १. एकच जण गेला असेल तर त्याने पहिल्या दोनात यायचं म्हणजे ३, पहिल्या दहात यायचं म्हणजे २.

आता याच हिशोबाची दुसरी बाजू बघा, जी कोणी बोलत नाही. ज्या छोट्या देशाला वर्षानुवर्षं एकच जागा मिळतेय तिथे बाहेरून आलेली चांगली स्केटर पहिल्या दहात आली तर पुढच्या वर्षी २ जागा होतात, म्हणजे जिची जागा 'खाल्ली' म्हणताय तिच्यासाठीच दार उघडतं. सगळीकडे असंच होतं असं नाही. पण ओरडण्याआधी तो आकडा बघायला एक मिनिट लागतं.

आणि समजा अन्याय झालाच, तरी निवड केली कुणी? सिलेक्शन कमिटीने. स्केटर स्वतःची निवड स्वतः करत नाही. निकष जाहीर करा, ट्रायल सगळ्यांसमोर घ्या, अशी मागणी करणारे फॅन्स मला मनापासून आवडतात, दुर्दैवाने ते कंटाळवाणे वाटतात म्हणून त्यांच्या पोस्टला कोणी विचारत नाही.

जुन्या देशाने लहानपणापासून पैसा घातला, त्याचं काय? ही फसवणूक नाही का?

पैसा कुणी घातला ते आधी बघायला लागेल. काही देशांत सरकार किंवा फेडरेशन रिंकवरच्या सरावाच्या वेळेपासून कोचपर्यंत सगळं देतं, तिथे या तक्रारीत दम आहे आणि नुकसानभरपाई मागणं अगदीच चूक नाही. बऱ्याच देशांत मात्र आईवडिलांनी घर गहाण टाकून शिकवलेलं असतं आणि फेडरेशन मेडल आल्यावर फोटोला येतं. दोन्हीकडे एकच वाक्य फेकून चालत नाही.

शिवाय एक साधी गोष्ट. रशिया, जपान, अमेरिका या देशांत महिलांमध्ये चौथ्या, पाचव्या, आठव्या नंबरच्या मुलीसुद्धा जगात कुठेही खेळू शकतील अशा असतात. तिला देशाकडे काही जागा नाही. मग तिने काय करायचं? तिला तुम्ही खेळवतही नाही आणि सोडतही नाही, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

देश सोडून गेलेल्यांना 'गद्दार' म्हणायची पद्धत कधीपासूनची?

जुनी आहे. ल्युडमिला बेलोउसोव्हा आणि ओलेग प्रोटोपोपोव्ह, सोव्हिएत युनियनची पहिली ऑलिंपिक पेअर्स चॅम्पियन जोडी, १९६४ आणि १९६८ दोन्ही. १९७९ मध्ये दौऱ्यावर असताना स्वित्झर्लंडमध्ये राहिले ते परत गेलेच नाहीत. त्यांना मायदेशात देशद्रोही ठरवलं गेलं, अधिकृत उल्लेखांतून नावं गाळली गेली. ते काही नव्या देशासाठी मेडल जिंकायला गेले नव्हते, वय झालं होतं, त्यांना फक्त स्केट करत राहायचं होतं. आणि त्यांनी केलंही, अगदी म्हातारपणापर्यंत. आता सरकारऐवजी फॅन्स हे काम फुकट करतात एवढाच फरक.

युक्रेनचं काय? तिथून बरेच लोक गेले असं ऐकलंय.

गेले, आणि यावर खरं तर एक वेगळं पान होईल. स्तानिस्लाव मोरोझोव्ह नावाचा युक्रेनचा पेअर्स स्केटर. त्याची आधीची पार्टनर अलिओना सावचेन्को, दोघांनी २००० मध्ये युक्रेनसाठी ज्युनिअर वर्ल्ड जिंकलं. सावचेन्को नंतर जर्मनीला गेली, रॉबिन शोल्कोवीसोबत ५ वर्ल्ड टायटल्स, ऑलिंपिकची दोन ब्राँझ, आणि शेवटी मासोसोबत २०१८ चं सुवर्ण. मोरोझोव्हची पुढची पार्टनर तातियाना वोलोसोझार, तीही २०१० मध्ये रशियाला गेली, मॅक्सिम त्रान्कोव्हसोबत सोची २०१४ मध्ये पेअर्सचं आणि टीमचं अशी २ सुवर्णं. आणि त्यांच्या कोचिंग टीममध्ये कोण? हाच मोरोझोव्ह.

म्हणजे एकाच माणसाच्या दोन पार्टनर ऑलिंपिक चॅम्पियन झाल्या आणि दोघीही युक्रेनसाठी नाही. युक्रेनच्या फॅनने यावर दुःखी व्हायचं नाही तर कशावर व्हायचं? त्या दुःखाला मी कधीच नावं ठेवणार नाही. आणि वोलोसोझारच्या बाबतीत सोची संपल्या संपल्या रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतल्याचं प्रकरण झालं, त्यामुळे तिच्याकडे बघताना लोकांच्या मनात फक्त स्केटिंग असणं शक्यच नव्हतं. २०१० मध्ये घेतलेल्या निर्णयाला २०१४ चा अर्थ चिकटला, तिला आवडो न आवडो.

भाषा येत नाही, राष्ट्रगीत येत नाही, त्यांना कसलं आपलं म्हणायचं?

मासो जर्मन भाषेच्या परीक्षेत आधी नापास झाला होता, परत बसला, पास झाला आणि नोव्हेंबर २०१७ च्या शेवटी त्याला नागरिकत्व मिळालं, ऑलिंपिकला तीनच महिने उरले असताना. प्याँगचांगच्या २०१८ ऑलिंपिकला शॉर्ट प्रोग्रॅममध्ये चूक त्याचीच झाली, ट्रिपल साल्को या जंपमध्ये तीनऐवजी दोनच फेरे झाले, चौथ्या नंबरवर फेकले गेले, आणि किस अँड क्राय मध्ये, म्हणजे स्कोअरची वाट बघत बसतात तिथे, त्याचा चेहरा असा होता की बघवत नव्हतं, कारण शेजारी बसलेल्या सावचेन्कोचं ते पाचवं ऑलिंपिक होतं. दुसऱ्या दिवशी फ्री स्केट, १५९.३१, तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड. एकूण २३५.९० विरुद्ध चीनच्या सुई-हान जोडीचे २३५.४७. शून्य पॉइंट त्रेचाळीसने सुवर्ण. त्या दिवशी जर्मनीत कोणी त्याला जर्मन शब्दांना आर्टिकल (डेर, डी, दास) बरोबर लावतोस का असं विचारलं असेल असं वाटत नाही.

युको कावागुचीचं अजून अवघड. जपानची मुलगी, तमारा मोस्कविना या रशियन कोचकडे शिकायचं म्हणून मागे लागून रशियाला गेली, अलेक्झांडर स्मिर्नोव्हसोबत स्केट करायला लागली. जपान दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे ऑलिंपिकसाठी तिने जपानी पासपोर्ट सोडून दिला. व्हँकुव्हर २०१० मध्ये शॉर्टनंतर तिसरे होते, शेवटी चौथे. आणि १९६४ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये पेअर्सचं सुवर्ण सोव्हिएत किंवा रशियन स्केटर्सकडे गेलेलं, ती मालिका नेमकी तिथेच तुटली. एवढं ओझं घेऊन उतरलेल्या बाईला 'ही आमची नाहीच' म्हणणं सोपं असतं. तिने सोडलेलं मात्र परत मिळण्यासारखं नव्हतं. ती २०१५ मध्ये ३३ व्या वर्षी परत युरोपियन चॅम्पियन झाली, हे लोक विसरतात म्हणून सांगितलं.

मग सगळ्यांनाच शिव्या पडतात का?

नाही. टॅनिथ बेल्बिन कॅनडाची, बेन अगोस्टोसोबत अमेरिकेसाठी आइस डान्स करायची. ट्युरिन २००६ च्या आधी नागरिकत्व वेळेत मिळणार नव्हतं, तर अमेरिकन संसदेत तरतूद करून घेतली, २००५ च्या शेवटच्या दिवसांत राष्ट्राध्यक्ष बुश यांची सही झाली आणि ती अमेरिकन झाली. दोन महिन्यांनी रौप्य, आइस डान्समध्ये अमेरिकेचं १९७६ नंतरचं पहिलं ऑलिंपिक मेडल. लोक खूश.

डिअॅना स्टेलाटो-ड्युडेक अमेरिकन, १६ वर्षं खेळ सोडलेला, परत आली, मॅक्सिम देशाँ या पार्टनरसोबत कॅनडाकडून खेळायला लागली आणि २०२४ मध्ये माँट्रियलच्या घरच्या प्रेक्षकांसमोर ४० व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन. तेव्हा तिच्याकडे कॅनडाचं नागरिकत्वसुद्धा नव्हतं, ते डिसेंबर २०२४ मध्ये मिळालं. अख्खं स्टेडियम उभं होतं. वय आणि पुनरागमनाची गोष्ट इतकी भारी होती की पासपोर्ट कुणाला आठवलाच नाही. गोष्ट आवडली की लोक नियम विसरतात, गोष्ट नाही आवडली की नियमपुस्तक काढतात.

दोनपेक्षा जास्त देश बदलणारे? ते तरी आयाराम-गयाराम नाहीत का?

टिम कोलेटो. अमेरिका, दक्षिण कोरिया, नॉर्वे, जपान. चार. ऐकून हसू येतं मान्य आहे. पण आइस डान्समध्ये पार्टनर बदलला की देश बदलतो, कोरियन पार्टनर, मग नॉर्वेची, मग मिसातो कोमात्सुबारा, जिच्याशी त्याने लग्न केलं, २०२० मध्ये जपानी नागरिक झाला आणि अमेरिकन नागरिकत्व सोडलं. बीजिंगच्या टीम इव्हेंटमध्ये जपानच्या मेडलमध्ये त्याचाही वाटा आहे. ज्याने शेवटी घरच तिकडे केलं त्याला गयाराम कसं म्हणणार.

रशियन स्केटर्सवर २०२२ नंतर बंदी आली, तेव्हापासून जे दुसऱ्या देशात गेले त्यांच्याबद्दल?

युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर १ मार्च २०२२ ला आयएसयूने रशिया आणि बेलारूसच्या स्केटर्सना बाहेर ठेवलं आणि त्यानंतर ज्यांना शक्य होतं ते हलले. सोफिया समोदेल्किना कझाकस्तानकडे गेली, निकिता वोलोदिन जर्मनीच्या मिनर्व्हा हासेसोबत. यांना दोन्हीकडून मार. मायदेशातले म्हणतात कठीण काळात पळाली, बाहेरचे म्हणतात मागच्या दाराने आलात. मी स्वतः यात पूर्ण तटस्थ नाही, युद्धाबद्दल गप्प राहणाऱ्याला प्रश्न विचारले गेले तर मला ते गैर वाटत नाही. पण प्रश्न विचारणं आणि सतरा वर्षांच्या मुलीच्या फोटोखाली घाण लिहिणं या दोन गोष्टी एका वाक्यात बसत नाहीत.

एक दुरुस्ती मात्र सारखी करावी लागते, अनास्तासिया गुबानोव्हा बंदीमुळे जॉर्जियाला गेली असं सर्रास लिहितात. ती बंदीच्या आधीच गेली होती, बीजिंग २०२२ ला जॉर्जियाकडूनच उतरली होती, आणि २०२३ मध्ये युरोपियन चॅम्पियन झाली.

चाहत्यांनी कधी खेळाडूला सोडून फेडरेशनला धरलंय का?

धरलंय, कोरियाने. परत शॉर्ट ट्रॅक, पण उदाहरण इतकं चपखल आहे की टाळता येत नाही. आन ह्युन-सू, ट्युरिन २००६ मध्ये कोरियासाठी ३ सुवर्ण, १ ब्राँझ. दुखापत, संघातली गटबाजी, मग २०११ मध्ये रशियन नागरिक, नाव व्हिक्टर आन. सोची २०१४ मध्ये रशियासाठी परत ३ सुवर्ण, १ ब्राँझ. कोरियाची पुरुषांची टीम रिकाम्या हाताने परतली. आणि लोकांनी शिव्या कुणाला घातल्या? बऱ्याच जणांनी स्केटिंग युनियनला, की असा माणूस तुम्ही घालवलात कसा. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष पार्क ग्यून-हे यांनी पण त्यामागे क्रीडा व्यवस्थेतली गडबड आहे का असा सवाल केला. बघा, जमतं.

मग टीका करायचीच नाही का? सगळं गोड गोड बोलायचं?

कोण म्हणालं. प्रोग्रॅम वाईट असेल तर वाईट म्हणा, जंप अंडररोटेटेड, म्हणजे हवेतले फेरे अपुरे, असेल तर म्हणा, निवड चुकीची वाटली तर कमिटीला धारेवर धरा, पासपोर्ट देण्यात पक्षपात झाला असेल तर सरकारला विचारा. तिच्या आईवडिलांपर्यंत जाऊ नका, चेहरा-वजन-उच्चार यावर जाऊ नका, आणि मुख्य म्हणजे तिला टॅग करून लिहू नका. टॅग केलं की ती टीका राहत नाही, ते थेट घरी जाऊन दारावर लाथ मारणं झालं.

मुलींनाच जास्त पडतं का?

माझ्या बघण्यात तरी हो. जोडीत चूक कुणाचीही असो, आधी तिच्या कपड्यांवर आणि वजनावर येतात.

देश बदलल्यावर जुने निकाल कुणाच्या खात्यात राहतात?

जुन्या देशाच्याच. सावचेन्कोचं २००० चं ज्युनिअर वर्ल्ड युक्रेनच्या नावावर आहे आणि राहील. रेना इनोऊए १९९२ आणि १९९४ चं ऑलिंपिक जपानसाठी खेळली, २००६ मध्ये जॉन बाल्डविनसोबत अमेरिकेसाठी खेळताना ऑलिंपिकमधला पहिला थ्रो ट्रिपल अॅक्सल (पार्टनरने फेकल्यावर मारायची अवघड जंप) केला, तो अमेरिकेच्या नावावर. त्यामुळे "आमचं मेडल चोरून नेलं" अशी पोस्ट दिसली तर निकालाच्या यादीत त्या वर्षाच्या ओळीत कुठल्या देशाचं नाव छापलंय तेवढं बघून घ्या.